फ्लाय फिशिंगसाठी पहिली लहान होडी कशी निवडावी : वॉशिंग्टन राज्यात नव्याने आलेल्यांसाठी

सिएटलच्या आसपास नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेल्या मराठी मंडळींपैकी काहींना दोन-तीन वर्षांत फ्लाय फिशिंगची, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या हलक्या गळाने (फ्लायने) मासे धरण्याची, गोडी लागते. काठावरून मासेमारी करताना पाठीमागची झाडे लाइन (फेकायचा जाड दोरा) अडवतात, ट्राउट मासे मात्र हाताच्या टप्प्यापलीकडे उड्या मारताना दिसत राहतात, आणि मग होडीचा विचार डोक्यात शिरतो. माझ्याही डोक्यात तो असाच शिरला आणि मी घाईघाईने १४ फुटी अॅल्युमिनियमची जुनी होडी ट्रेलरसकट विकत घेतली. त्या वेळी मी अपार्टमेंटमध्ये राहत होतो. तिथल्या वाहनतळावर ट्रेलर उभा करायला परवानगी नाही, हे मला होडी दारात आल्यावर कळले. पुढची दोन वर्षे ती घरापासून पाऊण तासावर भाड्याच्या जागेत पडून राहिली, मी ती वर्षाकाठी तीन-चार वेळा पाण्यात उतरवली आणि अखेर घेतली त्याहून कमी किमतीला विकली. त्यानंतर फ्लोट ट्यूब, मग पाँटून आणि आता दहा फुटी प्रॅम असा माझा प्रवास झाला (हे प्रकार काय असतात ते चौथ्या भागात येईल). हा क्रम तुम्हाला टाळता यावा म्हणून, दुकानात जाण्यापूर्वी कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने ठरवाव्यात ते येथे सविस्तर लिहीत आहे. सर्व उदाहरणे वॉशिंग्टन राज्यातील तळ्यांची आहेत. नदीतील होड्यांचा विषय निराळा आहे आणि त्याचा उल्लेख पुढे थोडक्यात येईल.

१. आधी तळी ठरवा, होडी नंतर

कागदावर अशा पाच तळ्यांची नावे लिहा, जिथे तुम्ही पुढच्या वर्षभरात खरोखर जाणार आहात. मग प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा : होडी पाण्यात कशी उतरवावी लागते, मोटर चालते का, आणि वारा किती लागतो.

हे का करायचे, ते तीन-चार तळ्यांवरून लक्षात येईल. फिडाल्गो बेटावरील पास लेक केवळ फ्लाय फिशिंगसाठी राखीव आहे आणि तिथे मोटर चालत नाही. त्यामुळे महागडी विजेवरची मोटर घेऊन तिथे गेलात तर ती गाडीतच राहील. नॉर्थ बेंडजवळच्या रॅटलस्नेक लेकमध्ये जुन्या झाडांचे बुंधे आजही पाण्याखाली आणि काठावर उभे आहेत. धरणातून झिरपलेल्या पाण्याने १९१५ साली इथले मॉन्कटन हे गाव बुडाले आणि तेव्हापासून तळ्याची पातळी ऋतूनुसार वर-खाली होत असते. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी बरेच मागे सरकते आणि होडी खडकाळ काठावरून उचलून न्यावी लागते, शिवाय हवेने फुगवलेल्या होडीला बुंध्यांचा धोका असतोच. कॅस्केड पर्वतांच्या पूर्वेला, हिमयुगातील महापुरांनी कोरलेल्या कड्यांच्या पायथ्याशी ड्राय फॉल्स लेक आहे. तिथे जाणारा रस्ता इतका खराब आहे की ट्रेलर नेण्याचा विचारसुद्धा करू नये. ओकानोगन काउंटीतील चोपाका लेकही केवळ फ्लाय फिशिंगसाठी आहे आणि तिथे पोहोचण्याचा कच्चा चढ गाडीची परीक्षा पाहतो.

थोडक्यात, या राज्यात फ्लाय फिशिंगसाठी उत्तम मानल्या जाणाऱ्या अनेक तळ्यांवर मोठी होडी अडचणच ठरते. नियम मात्र दरवर्षी स्वतः वाचा. मासेमारीचा परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षासाठी असतो, पण राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याची नियमपुस्तिका १ जुलैपासून पुढच्या ३० जूनपर्यंत लागू असते. नवा परवाना हातात आला म्हणजे नियमही नवे झाले, असे समजून अनेकजण चुकतात.

२. होडी राहणार कुठे आणि तळ्यापर्यंत जाणार कशी

हा प्रश्न कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच बहुतेकजण तो शेवटी विचारतात. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर भाडेकरार काढून त्यात ट्रेलर, बाल्कनीतील सामान आणि वाहनतळ यांविषयी काय लिहिले आहे ते पाहा. स्वतःचे घर असले तरी अनेक वसाहतींमध्ये रहिवासी संघाचे नियम असतात आणि ट्रेलर रस्त्यावरून दिसता कामा नये, इतकी बारीक अट त्यांत असू शकते.

गाडीच्या टपावर होडी बांधणार असाल तर टपाला किती वजन पेलते ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. तो आकडा चालत्या गाडीसाठीचा असतो आणि रॅकचे स्वतःचे वजनही त्यातच धरायचे असते. नंतर एक साधा प्रयोग करा. पंचवीस-तीस किलोचे एखादे अवजड सामान एकट्याने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलून पाहा, आणि दिवसभर वल्ही मारून दमल्यावर, पावसात, ओल्या हातांनी तेच पुन्हा करायचे आहे, अशी कल्पना करा. जी होडी तुम्हाला एकट्याने चढवता-उतरवता येत नाही, तिच्यासाठी दरवेळी सोबती शोधावा लागतो आणि आपल्या मंडळींपैकी शनिवारी पहाटे चार वाजता उठणारा सोबती मिळणे किती अवघड आहे, ते मी वेगळे सांगायला नको.

३. फ्लाय फिशिंगच्या होडीत नेमके काय पाहावे

मासेमारीची होडी म्हणून विकली जाणारी प्रत्येक होडी फ्लाय फिशिंगला सोयीची नसते, आणि त्याचे कारण या पद्धतीतच आहे. इतर मासेमारीत गळाला लावलेल्या वजनामुळे दोरा लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये फ्लायला जवळपास वजनच नसते. वजन लाइनमध्ये असते आणि ती लाइन पाठीमागे व पुढे हवेत उलगडूनच फेकावी लागते. शिवाय लाइन परत घेताना ती रीळमध्ये गुंडाळली जात नाही, तर डाव्या हाताने ओढून पायाशी सोडली जाते. म्हणजे कोणत्याही क्षणी दहा-बारा मीटर लाइन होडीच्या तळाशी सैल पडलेली असते.

यावरून तीन कसोट्या निघतात.

पहिली कसोटी म्हणजे तळ मोकळा हवा. पायऱ्या, खुंट्या, पेडलची यंत्रणा, रॉड ठेवण्याच्या नळ्या, उघडे बोल्ट, नांगराच्या दोरीचे टोक यांपैकी जे जे वर डोकावते ते लाइन पकडते, आणि नेमके मोठा मासा धावतो त्याच वेळी पकडते. होडी पाहायला जाताना जुनी फ्लाय लाइन खिशात न्या, विक्रेत्याची परवानगी घेऊन ती होडीच्या तळाशी सैल टाका आणि एका टोकाने भरभर ओढा. ती दोन-तीन ठिकाणी अडकली तर चटई किंवा कापड टाकून भागेल. सात-आठ ठिकाणी अडकली तर ती होडी दुसऱ्या कोणासाठी आहे.

दुसरी कसोटी बसण्याच्या उंचीची. पाण्याच्या जितके जवळ बसाल तितकी पाठीमागे उलगडणारी लाइन पाण्याला टेकण्याचा संभव वाढतो. याची परीक्षा एक पैसाही खर्च न करता बागेत घेता येते. गवतावर मांडी न घालता पाय पसरून बसा आणि आपल्या नेहमीच्या ९ फुटी रॉडने लाइन फेका. फ्लोट ट्यूबमध्ये साधारण असेच वाटेल. नंतर खुर्चीवर बसून फेका. पाँटून किंवा प्रॅममध्ये असे वाटेल. जमिनीवर बसून तुमची लाइन बारा मीटरसुद्धा जात नसेल, तर १० फुटी रॉड घ्यावा किंवा उंच आसनाची होडी घ्यावी.

तिसरी कसोटी स्थैर्याची. उभे राहून फेकायचे असेल तर रुंदी आणि सपाट तळ हवा. लांबट, गोल तळाच्या कनूमध्ये उभे राहण्याचा मोह टाळा. कयाकमध्येही (दुहेरी पात्याच्या वल्ह्याने चालवायची अरुंद, बुटकी होडी) ३४ ते ३६ इंच रुंदी असल्याशिवाय मी उभे राहण्याचा सल्ला देणार नाही. आणि खरे सांगायचे तर तळ्यात उभे राहण्याची गरज वाटते त्यापेक्षा फार कमी वेळा पडते.

चौथी कसोटी नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे आवाज. अॅल्युमिनियमच्या होडीत पक्कड पडली तरी त्याचा आवाज पाण्याखाली दूरवर जातो. तळाशी जुना गालिचा किंवा रबरी चटई अंथरल्याने आवाज दबतो आणि लाइनही कमी अडकते.

४. होड्यांचे प्रकार आणि माझे मत

फ्लोट ट्यूब म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, हवेने फुगवलेली बैठक. वेडर, म्हणजे छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार, घालून त्यात बसायचे आणि पायांत घातलेले पोहण्याचे रबरी पंख मारत उलट्या दिशेने जायचे. ती पाच ते आठ किलोंची असते, कपाटात मावते, बसने प्रवास करणाऱ्यालाही नेता येते आणि हात पूर्णपणे मोकळे राहतात. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या नवशिक्याला मी आजही हिचेच नाव सुचवतो. तिचे दोन दोष आहेत. पाय सतत थंड पाण्यात राहतात आणि वाऱ्यापुढे तिचे काही चालत नाही. लेनोर लेक हे उत्तर-दक्षिण पसरलेले, चिंचोळे, क्षारयुक्त पाण्याचे तळे आहे आणि तिथे लाहोन्टन कटथ्रोट ट्राउट मिळतात. एका एप्रिलमध्ये दुपारी अचानक उठलेल्या दक्षिण वाऱ्याने मला तिथे जवळजवळ दोन किलोमीटर ढकलत नेले. अखेर काठाला लागल्यावर ट्यूब पाठीवर घेऊन, वेडरमध्ये घामाघूम होत, मी हायवे १७ च्या कडेने गाडीपर्यंत चालत आलो. तेव्हापासून ट्यूब घेऊन निघालो की आधी वाऱ्याच्या दिशेविरुद्ध जातो, म्हणजे दमल्यावर वारा परत आणून सोडतो.

पाँटून म्हणजे दोन फुगवलेल्या नळ्या, मध्ये धातूचा सांगाडा, उंच आसन आणि वल्ही. आठ-नऊ फुटी पाँटूनचे वजन साधारण २५ ते ३५ किलो असते. एकट्याने मासेमारी करणाऱ्यासाठी हा फार समतोल पर्याय आहे, कारण वल्ह्यांनी अंतर कापता येते आणि मासेमारी करताना पायांतील पंखांनी होडी जागेवर राखता येते. तोटा असा की प्रत्येक वेळी जोडणी आणि सुटे करणे यांत मिळून पाऊण तास जातो. स्वस्त पाँटूनमध्ये सांगाड्याचे नट-बोल्ट उघडे असतात, ते लाइन पकडतात. त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी.

कयाक वेगवान असते आणि वाऱ्यात चांगली टिकते, पण तिच्यावर बसण्याची जागा खाली असते आणि समोर पायांशी अडकण्याजोग्या वस्तूंची गर्दी असते. पेडलवाली कयाक हात मोकळे ठेवते, म्हणून अनेकांना आवडते. मात्र पेडल हेच लाइनचे सर्वांत मोठे शत्रू असतात. मांडीवर पसरणारे जाळीचे एप्रन वापरल्यास बऱ्यापैकी निभावते.

प्रॅम आणि लहान जॉन बोट हे प्रकार मी मुद्दाम एकत्र ठेवतो. पुढचे टोक निमुळते न ठेवता सपाट कापलेली आठ ते दहा फुटी होडी म्हणजे प्रॅम. सपाट तळाची, चौकोनी, साधारण १० ते १२ फुटी होडी म्हणजे जॉन बोट. सीमेपलीकडे ब्रिटिश कोलंबियातील कॅमलूप्स परिसरातले तळ्यांचे जाणकार फ्लाय फिशर वर्षानुवर्षे अशाच लहान, सपाट तळाच्या होड्या वापरत आले आहेत आणि त्याचे कारण त्यांच्या पद्धतीत आहे. तिथे कायरोनोमिड नावाच्या कीटकाच्या कोशासारखी दिसणारी बारीक फ्लाय, इंडिकेटरखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली) दहा-वीस फूट खोल, जवळजवळ निश्चल टांगून ठेवतात. होडी वाऱ्याने झुलली की फ्लाय ओढली जाते आणि सगळे फुकट जाते. दोन्ही टोकांना नांगर टाकून होडी खिळवून ठेवायची असेल तर सपाट तळाची, दोन्ही टोकांना कप्पी लावता येईल अशी होडीच हवी. ज्यांना गॅरेज आहे आणि टपावर पन्नासेक किलोची होडी चढवायला मदतनीस किंवा यंत्रणा आहे, त्यांनी इतर काही न पाहता प्रॅम घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोघांनी एकत्र जायचे असेल तर १२ फुटांखाली विचार करू नका. दोन माणसे एकाच वेळी लाइन हवेत फिरवतात तेव्हा फ्लाय दुसऱ्याच्या टोपीत, कधी कानात रुतते. एकाने फेकताना दुसऱ्याने थांबायचे, आणि उजव्या हाताने फेकणाऱ्याची लाइन होडीच्या बाहेरून जाईल अशा टोकाला त्याने बसायचे, हे दोन नियम पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावेत.

आता नदी. याकिमा नदीवर तुम्हाला दोन्ही टोके वर उचललेल्या सुंदर ड्रिफ्ट बोटी दिसतील, ज्यांचे मूळ ओरेगनमधील मॅकेन्झी नदीवर आहे. त्या पाहून मोह होतो. पण वाहत्या पाण्यात होडी चालवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि तळ्यातल्या अनुभवाचा तिथे फारसा उपयोग होत नाही. दोन हंगाम जाणकाराच्या होडीत बसून शिकल्याशिवाय नदीची होडी घेऊ नका. शिवाय काही नद्यांच्या काही भागांत होडीतून प्रवास चालतो, पण मासेमारी करताना काठावर उतरावे लागते, असा नियम आहे.

५. वजनाचा हिशेब कागदावर मांडा

होडीची क्षमता म्हणून छापलेला आकडा हा तिची मर्यादा असतो. त्याच्या तीन-चतुर्थांशांपर्यंतच जावे, असा माझा दंडक आहे. उदाहरणार्थ, ४०० पाउंड क्षमतेच्या पाँटूनमध्ये सुमारे १८१ किलो वजन मावते. त्यात ८० किलोचा माणूस, ७ किलोचे वेडर व कपडे, ९ किलोची लहान विजेवरची मोटर, २७ किलोची शिसे-आम्लाची बॅटरी, ५ किलोचा नांगर आणि १२ किलोचे इतर सामान, पाणी व डबा धरला तर बेरीज १४० किलो होते, म्हणजे दंडकाच्या थोडी वरच. त्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२ किलोंची असते. ती घेतली की बेरीज १२५ वर येते. बॅटरी महाग असली तरी पैसे कुठे घालावेत याचे उत्तर या बेरजेत मिळते.

कारखान्यात तयार झालेल्या, २० फुटांखालील बहुतेक मोटरच्या होड्यांवर क्षमतेची पाटी असते. कयाक, कनू आणि हवेच्या होड्यांना ती सक्ती नाही. पाटी नसेल तर लांबी आणि रुंदी फुटांत गुणून १५ ने भागावे, म्हणजे माणसांची संख्या मिळते. १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद होडीसाठी ४८ भागिले १५, म्हणजे तीन माणसे. फ्लाय फिशिंगसाठी त्यातून एक वजा करा.

६. नांगर, वल्ही आणि मोटर

होडीच्या किमतीत हे सामान सहसा धरलेले नसते आणि म्हणून अंदाजपत्रक कोसळते. तळ्यासाठी प्रत्येकी चार-पाच किलोंचे दोन नांगर आणि प्रत्येकी पंधरा मीटर दोरी घ्या. होडीचे तोंड वाऱ्याकडे करून आधी पुढचा नांगर टाकावा, दोरी सैल सोडत मागे सरकावे आणि मग मागचा टाकावा. वारा वाढू लागला तर मागचा नांगर आधी उचलावा, म्हणजे होडी तोंडाने लाटांना सामोरी जाते. आसनावरून न उठता दोन्ही दोऱ्या हाताशी याव्यात, यासाठी कप्पी आणि दोरी अडकवण्याची सोय आधीच बसवून घ्या. आणि नदीच्या वेगवान प्रवाहात नांगर कधीही टाकू नका. दोरी ताणली की होडी पाण्याखाली ओढली जाते.

मोटरच्या जोराचा आकडा पाउंडांत असतो. भरलेल्या होडीच्या दर १०० पाउंडांना किमान २ पाउंड जोर, हा हिशेब शांत पाण्यासाठी पुरतो. वल्ही मात्र मोटर असली तरी बरोबर हवीतच.

७. जुनी होडी तपासताना

अॅल्युमिनियमची होडी असेल तर तिला दोन ओंडक्यांवर ठेवून आत बागेच्या नळीने दहा सेंटिमीटर पाणी भरा आणि दहा मिनिटे खालून पाहा. रिवेटमधून गळती असेल तर थेंब दिसतात. पाण्याचे वजन बरेच होते, त्यामुळे ओंडके मजबूत असावेत. मागच्या फळीवर, जिथे मोटर बसते, तिथे हातोडीच्या मुठीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर आतले लाकूड कुजलेले आहे.

हवेची होडी विक्रेत्याला आदल्या रात्री फुगवून ठेवायला सांगा. सकाळी ती थोडी मऊ झालेली असेल तर घाबरू नका, कारण थंडीने हवेचा दाब कमी होतो. पण सपाट झाली असेल तर साबणाच्या पाण्याने झडपा आणि शिवणी तपासा. याच्या उलट धोकाही आहे. थंड पाण्यातून काढून घट्ट फुगलेली होडी उन्हात ठेवली तर आतली हवा प्रसरण पावून शिवण फाटते. किनाऱ्यावर जेवायला बसण्याआधी थोडी हवा सोडावी.

होडीच्या मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक पाहा. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून कारखान्यात बनलेल्या होड्यांना तो असतो. तो खरवडलेला असेल किंवा कागदपत्रांशी जुळत नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी परत फिरा.

८. कागदपत्रे

वल्ह्यांनी चालणाऱ्या होडीला नोंदणी लागत नाही. मोटर लावली की प्रश्न सुरू होतो, आणि विजेवरची लहान मोटरही मोटरच धरली जाते. १६ फुटांपेक्षा लहान आणि १० अश्वशक्तीपर्यंतची मोटर असलेल्या होडीला वॉशिंग्टनमध्ये सूट आहे, पण ती केवळ संघराज्याच्या अखत्यारीत नसलेल्या पाण्यासाठी. लेक वॉशिंग्टन, लेक युनियन, प्युजेट साउंड आणि कोलंबिया नदी यांवर ही सूट चालत नाही. घराजवळ म्हणून लेक वॉशिंग्टनवर प्रयोग करणारे नवखे इथेच अडकतात.

जवळ ठेवण्याची कागदपत्रे अशी :

- गोड्या पाण्यातील मासेमारीचा परवाना. तो १५ वर्षांपासून पुढे लागतो. रहिवाशाच्या दराने तो मिळण्यासाठी राज्यात सलग ९० दिवस वास्तव्य झालेले असावे लागते.
- गाडी उभी करण्याचा पास. मत्स्य खात्याच्या जागांसाठीचा पास वार्षिक परवान्याबरोबर मिळतो, पण पास लेक किंवा ड्राय फॉल्ससारख्या राज्य उद्यानांतील जागांसाठी डिस्कव्हर पास वेगळा घ्यावा लागतो.
- जुन्या होडीसाठी विक्रीपत्र, मालकीपत्र असल्यास ते, आणि ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी व पाटी.
- १५ अश्वशक्ती किंवा अधिक जोराची मोटर असल्यास होडीचालकाचे शिक्षणपत्र, जर तुमचा जन्म १ जानेवारी १९५५ नंतरचा असेल तर. लहान होडीला ते लागत नाही, पण तो अभ्यासक्रम करावा.

आणखी एक सापळा. ओरेगनमध्ये विक्रीकर नाही म्हणून पोर्टलँडला जाऊन होडी घेतली, तरी वॉशिंग्टनच्या रहिवाशाला इथला वापरकर द्यावाच लागतो.

होडी दुसऱ्या राज्यातून आणत असाल तर वाटेत लागणाऱ्या तपासणी नाक्यावर थांबणे सक्तीचे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आयडाहोत, ट्विन फॉल्सजवळ स्नेक नदीत क्वागा शिंपले (होड्यांना चिकटून तळ्यातळ्यांत पसरणारे उपद्रवी परके शिंपले) सापडले आणि तेव्हापासून या भागात सारे फार सावध आहेत. होडी धुवा, आतले सगळे पाणी काढा आणि पूर्ण वाळवा.

९. लाइफ जॅकेट

कायद्याप्रमाणे होडीतील प्रत्येकासाठी तटरक्षक दलाने मान्यता दिलेले, अंगाला बसणारे लाइफ जॅकेट लागते, आणि १९ फुटांपेक्षा लहान होडीत १२ वर्षे व त्याखालील मुलांनी ते घातलेलेच असावे लागते. तुम्हीही ते घातलेलेच असू द्या, फ्लोट ट्यूबमध्येसुद्धा. हवेने फुगणारी जॅकेटे लाइन फेकायला सुटसुटीत असतात, पण १६ वर्षांखालील मुलांना ती चालत नाहीत.

मार्च-एप्रिलमध्ये या तळ्यांचे पाणी १० अंश सेल्सिअसच्याही खाली असते. अशा पाण्यात पडल्यावर पहिले एक मिनिट श्वास आवरण्यात जाते, पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे जॅकेट पाण्यात पडल्यावर घालू, हा बेत पहिल्याच मिनिटात फसतो. जो माणूस कोकणातल्या खाडीत पोहायला शिकला आहे, त्याला आपण उत्तम पोहतो असे वाटते. मीही त्यांतलाच होतो. ते पाणी कोमट होते. वेडरचा कमरपट्टा घट्ट बांधा, गळ्यात शिट्टी ठेवा आणि पहाटे किंवा संध्याकाळी जात असाल तर पांढऱ्या प्रकाशाची विजेरी हाताशी असू द्या.

१०. पहिली फेरी

पहिल्या फेरीला रॉड घरी ठेवा. घराजवळच्या लहान, उथळ तळ्यावर वारा नसलेली सकाळ निवडा आणि काठापासून वीस मीटरच्या आतच राहा. होडीत बसणे-उतरणे, वळवणे, दोन्ही नांगर टाकणे व उचलणे, हे सारे चार-पाच वेळा करा. शेवटी मुद्दाम पाण्यात उतरून परत होडीत चढता येते का ते पाहा. पाँटूनमध्ये मागच्या बाजूने, प्रॅममध्ये कोपऱ्यावरून चढणे सोपे जाते. दुसऱ्या फेरीला रॉड न्या, पण एकच. अनेक तळ्यांवर बिनकाट्याचा एकच गळ आणि गाठी नसलेली जाळी सक्तीची असते, त्यामुळे जाळी आधीच तपासून घ्या. दाभोळचे माझे मामा व्हिडिओ कॉलवर होडी पाहून विचारत होते, की हिच्यात मासळी किती मावते. पकडून परत सोडतो, असे सांगितल्यावर त्यांनी फोन मामीकडे दिला.

घरी आल्यावर होडी उलटी करून सावलीत वाळवा, झडपा उघड्या ठेवा आणि नांगराच्या दोऱ्या पसरून टाका. ओल्या गुंडाळून ठेवलेल्या दोऱ्यांना आठवड्यात कुबट वास सुटतो.